दोर बांधायचा नाही

या रामनाथभाऊ, वाकून या. डोलकाठी अजून डेकवर आडवीच आहे, डोक्याला लागेल. चपला जेट्टीवर काढल्यात ना? बसा त्या बाजूला. केबिनमध्ये लवकर अंधारतं, म्हणून दिवा आत्ताच लावलाय. चहा ठेवते. उजव्या हातानेच करते सगळं, डाव्या हाताकडे बघत बसू नका. त्याचंच सांगायचंय.

तुम्ही वसईहून एवढ्या लांब आलात ते मला कळतंय. पौर्णिमेच्या भरतीला आम्ही इथून सुटणार होतो, दुसऱ्या दिवशी तुम्ही डोलकाठी उभी करून देणार होतात. आम्ही पोचलोच नाही. फोनही धड उचलला नाही. तुम्हाला वाटलं असेल, या नवराबायकोने दुसरा मिस्त्री गाठला. तसं काही नाही. भूपेश पुढच्या केबिनमध्ये झोपलाय. त्याची ड्युटी आठला सुरू होते, तेव्हा जरा हळू बोलू.

आमची हकीकत तुम्हाला अर्धी माहीत आहे. भूपेश तीस वर्षं जहाजांवर इंजिनखात्यात होता. मी बावीस वर्षं भिवंडीत कापड तपासायचं काम केलं. लूमवरून उतरलेल्या ताग्यावरून बोटं फिरवायची, एक तार तुटलेली असली तरी बोटांना कळायचं. माणसं डोळ्यांनी बघतात, मी बोटांनी बघते. स्वभावही तसाच झाला. भूपेश म्हणतो, ही देवळातला प्रसादसुद्धा उजेडात धरून बघेल. बघते मी. त्यात काय बिघडलं? फ्लॅट विकून ही बोट घेतली तेव्हा तिचा प्रत्येक खिळा मी असाच बघून घेतला होता. सासूबाईंचं नाव दिलं, ‘तुळजा’. आता हेच आमचं घर. दुसरं कुठे काही नाही.

दोन वर्षं गोव्यापर्यंत जाऊन-येऊन राहिलो. या वर्षी इंजिनाचा गिअर दगा द्यायला लागला. अंजूरला गोडाऊनांच्या मागे भूपेशच्या ओळखीचं वर्कशॉप आहे, म्हणून तुमच्याकडे डोलकाठी उतरवली आणि पुलांखालून रडतखडत खाडीत आत आलो. उधाणाच्या भरतीला आलो. वाटेतल्या रेतीच्या उंचवट्यावरून बोट फक्त पौर्णिमा-अमावास्येलाच निघते. एक महिना थांबायचं, गिअर करायचा, बोटीचं बूड खरवडायचं आणि पावसाच्या आत बाहेर पडायचं, असा हिशोब. पावसात ही खाडी काय करते ते तुम्ही जाणता. वरून ओंडके येतात, मेलेली जनावरं येतात. ही जेट्टी काही बोट धरून ठेवणारी नाही.

जेट्टी म्हणजे जुनं रेतीबंदर. रेती उपसणारे ड्रेजर यायच्या आधी इथे डुबीवाले, म्हणजे बुडी मारून तळाची रेती काढणारे, काम करायचे. मालकाने अलीकडे पत्र्यावर ‘मरीना’ असं रंगवून घेतलंय. एक नळ, एक बल्ब आणि इथेच खोपटात राहणारा एक काळूराम, एवढी मरीना. नळाला पाणी दिवसाआड.

थांबलेल्या बोटीवर कामं संपत नाहीत. सकाळी कॅन घेऊन पाणी भरायचं, गाद्या उन्हात टाकायच्या, बॅटरीला बल्बाच्या वायरीवरून चार्जिंग लावायचं, खालचं साचलेलं पाणी उपसायचं. आणि दिवसातून चार वेळा दोर सैल-घट्ट करायचे. भरतीला बोट जेट्टीच्या बरोबरीने येते, ओहोटीला पुरुषभर खाली जाते. दोर सोडला नाही तर बोट लटकते. म्हणून दोघेही एकदम बाहेर जायचं नाही, असा आमचा नियम.

तो मोडला एकदा. गॅस संपला होता. भूपेश वर्कशॉपला गेलेला, मी सिलेंडर रिक्षात घालून अंजूरला गेले, तिथे मिळाला नाही म्हणून भिवंडीपर्यंत जावं लागलं. परतायला अडीच तास. ओहोटी सगळी उतरून गेलेली. जीव मुठीत धरून जेट्टीवर आले, तर बोट नीट पाण्यात. चारही दोर हवे तेवढे सोडलेले. पण गाठी आमच्या नव्हत्या.

काळूराम जेट्टीच्या टोकाला पाय सोडून बसला होता. सत्तरीचा, काळा, अंगाने सुकलेला. हातात काथ्याचा एक दोर, दोराचं दुसरं टोक पाण्यात.

“तुम्ही सोडले का दोर, काका?”

“मंग? बोट टांगली असती तुमची.”

“मासे धरताय?”

“न्हाय.”

एवढंच. मी आभार मानले खरे, पण मनात पाल चुकचुकली. आमच्या बोटीवर माझ्यामागे कोणी चढलेलं मला चालत नाही. केबिनचं कुलूप, भांडी, भूपेशची हत्यारं, सगळं तपासलं. काही हललेलं नव्हतं.

मग मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. तो रोज त्याच जागी बसायचा, पण रोज वेगळ्या वेळी. सकाळी नऊला बसला, तर दुसऱ्या दिवशी पावणेदहाला, तिसऱ्या दिवशी साडेदहाला. मी वहीत लिहून ठेवलं. चार दिवसांत कळलं, तो ओहोटीच्या तळाला बसतो. पाणी जायचं थांबतं आणि यायला अजून लागलेलं नसतं, ती दहा-पंधरा मिनिटं खाडी एकदम गप्प होते. चिखलाचा वास वर येतो. त्या वेळी काळूराम दोर हातात धरून बसणार, आणि पाणी वळलं की दोर गुंडाळून आपल्या पत्र्याच्या खोपटात खिळ्याला टांगणार.

त्या दोराचंही मला खटकलं. मे महिन्याचं ऊन, आमच्या गाद्या तासात कडक व्हायच्या. तो दोर पत्र्याला लागून दिवसभर टांगलेला असायचा आणि संध्याकाळी त्याच्याखाली ओल असायची. मी एकदा बोटं लावून बघितली. गार होता.

भूपेशला म्हटलं, “हा म्हातारा काहीतरी करतोय. रेती चोरत असेल, नाहीतर दारू बुडवून ठेवत असेल.”

“आपलं काय जातं?” तो म्हणाला. नवऱ्यांना हे वाक्य कोण शिकवतं कोण जाणे.

आणि मी काळूरामकडे बघत होते तसा तोही माझ्याकडे बघत होता. भूपेश गिअर बसवल्यावर बोटीच्या पंख्याला अडकलेलं जाळं सोडवायला पाण्यात उतरला. तो खाली गेला की त्याच्या कमरेचा दोर माझ्या हातात असतो, ही आमची पहिल्यापासूनची पद्धत. त्याने एकदा हिसका दिला की मी एकदा द्यायचा, म्हणजे सगळं ठीक. दोन दिले की ओढायचं. त्या दिवशी माझा फोन वाजत होता, वाजून वाजून बंद पडला. डोळ्यांवर ऊन आलं होतं. मी जागची हलले नाही. भूपेश वर आल्यावर काळूराम माझ्याजवळ आला.

“वैनी, तुमी दोर खुंटीला बांदला न्हाय?”

“माणूस खाली असताना बांधतात का कधी?”

त्याने माझ्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, “न्हाय बांदत.” आणि त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, म्हातारा सकाळीच प्यायलाय.

अष्टमीला बूड खरवडायचं ठरलं. भांगाची ओहोटी, पाण्याला ओढ कमी, दुपारी तीनला तळ. भूपेश उतरणार तेवढ्यात काळूराम तो दोर घेऊन आला. “नायलॉन घसरतो वैनी. यो घ्या. ह्याला हाताची सवय हाय.” मी नको म्हणत होते. भूपेशने हसून घेतला आणि कमरेला बांधला. मला भांडायचं होतं, पण बाहेरच्या माणसासमोर नवऱ्याशी काय भांडायचं.

बोटीखालून खरवडल्याचा आवाज येत होता. कर्र, कर्र. भूपेश थोड्या-थोड्या वेळाने बोटीच्या पलीकडल्या बाजूला दम घ्यायला वर यायचा, मला दिसायचा नाही, नुसतं फुस्स ऐकू यायचं. मी या बाजूला दोर धरून बसलेली. मग खरवडणं थांबलं. पाणी थांबलं. जेट्टीवरचे कावळेसुद्धा गप्प होते, हे मला नंतर आठवलं.

दोराला हिसका आला. एकच. पण नेहमीसारखा नव्हता. हिसक्याच्या शेपटाला बारीक थरथर होती, पकड सुटता सुटता राहिल्यासारखी. बोटांना ते कळलं. तरी सवयीने मी एक हिसका परत दिला.

“कोणाशी खेळतेयस?”

मागून आवाज आला. भूपेश जेट्टीवर उभा होता. अंगावर टॉवेल, हातात काळूरामने दिलेला चहा, अर्धा संपलेला.

“तू… कधी आलास वर?”

“झाली दहा मिनिटं. पलीकडून शिडीने आलो. दोर सोडून दिला मी खाली, कपारीत अडकत होता.”

मी दोराकडे बघितलं. तो सरळ खाली ताणलेला होता. हळूच सैल पडला. जेट्टीच्या टोकाला काळूराम उभा होता, दोन्ही हात जोडून. माझ्याकडे बघून नाही, पाण्याकडे बघून.

भूपेश म्हणाला, ओंडका असेल. असेल म्हटलं. पण सकाळी बघते तर काळूराम नव्हता. खोपटाला कडी. खिळा रिकामा, कारण दोर आमच्या डेकवर होता, गार आणि ओला.

मला पहिल्यांदा भीती नाही वाटली, राग आला. कोणीतरी आपल्याला काहीतरी गळ्यात मारून गेलंय, हे मला लगेच समजतं. खोटा तागा खऱ्यात घालून देणारे मी कमी बघितले नाहीत. त्या दुपारी मी मुद्दाम दोर खाली सोडून बसले. पाणी थांबलं, आणि हिसका आला. तसाच, शेपटाला थरथर असलेला. मी उत्तर दिलं नाही. मग बोटीच्या बुडाला, बरोबर माझ्या पायाखाली, आतून-बाहेरून कळेना असं ठोकणं सुरू झालं. घाईघाईचं नाही. माणूस दार उघडायची वाट बघताना ठोकतो तसं. मी हिसका दिला तेव्हाच थांबलं.

अंजूरच्या नाक्यावर गोदूबाई भाजी आणि सुकी मासळी घेऊन बसते. महिनाभर तिच्याकडून घेत होते, म्हणून बोलणं होतं. तिला विचारलं, काळूरामचं काय आहे ते खरं सांग. ती जवळा मोजता मोजता थांबली.

“कालूराम गेला? बंदर सोडून?” तिने दोनदा विचारलं. “तीस वरसांत त्यो एक रात बंदर सोडून न्हाय ऱ्हायला, बाय. पोरीच्या लग्नात ओहोटीला परत आला हुता.”

मग तिने सांगितलं. काळूराम आणि सावळाराम, डुबीची जोडी. सावळाराम बांबू धरून तळाला जायचा, बालदी रेतीने भरायचा. काळूराम वर, बंदराला लावलेल्या होडीत दोर धरायचा. एकदा हिसका म्हणजे ‘हाय का?’ वरच्याने एकदा दिला की ‘हाय’. दोनदा म्हणजे ‘ओढ’. दोर बालदीला, आणि बालदी धरूनच माणूस वर यायचा. वरच्याने दोर बांधायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा तर हातातून हातात द्यायचा. एवढाच कायदा, पण सगळ्या खाडीत कोणी मोडला नव्हता. सावळारामच्या उजव्या हाताची दोन बोटं तार गुंडाळायच्या ड्रममध्ये गेलेली. तरी त्याच्यासारखा डुबीवाला नव्हता.

“गोडाऊनवाल्याची गाडी आली हुती. जमिनीच्या कागदावर कालूरामची सही पायजे हुती. त्यानं दोर खुंटीला बांदला, सही करून आला. एवढाच येल. परत आला त दोर सैल हुता. बालदी आली. सावलाराम न्हाय आला. मयत पन गावली न्हाय.”

“मग काळूराम रोज…”

“त्यो त्याला ‘हाय’ म्हनतो, बाय. तीस वरसं. दुसरं काय करनार?”

परत येताना मी रिक्षावाल्याला दोनदा चुकीचं वळण सांगितलं. भीतीने असेल, पण जास्त करून संतापाने. दोन बोटं नसलेला हात. ती थरथर माझ्या बोटांनी ओळखली होती आणि मला तिचं कारण माहीत नव्हतं, एवढंच. या माणसाने स्वतःचं पाप माझ्या हातात ठेवलं आणि पोरीकडे जाऊन झोपला. पौर्णिमेला आम्हाला निघायचं होतं. वर कोणी ‘हाय’ म्हणणारं नसलं तर ते ठोकणं आमच्यामागे येणार नाही, असं कोण सांगणार होतं?

गेला असेल तर पोरीकडेच, असं गोदूबाई म्हणाली होती; पत्ताही तिच्याकडूनच घेतला. चतुर्दशीला भूपेशला बाजाराचं सांगून अंबाडीमार्गे दिघाशीला गेले. काळूरामची मुलगी भाविका दारातच होती. तिने पाणी दिलं, कौतुकाने म्हणाली, “बाबा पयल्यांदाच ऱ्हायलेत.” काळूराम ओट्यावर बसला होता. मला बघून उठला नाही. माझी वाटच बघत असल्यासारखा बाजूला सरकला.

मी मुलीसमोरही भीड ठेवली नाही. “तुम्ही आम्हाला फसवलंत. ठरवून दोर दिलात.”

“दिला.”

“लाज नाही वाटली?”

“वैनी, माजं ऐका, मंग शिव्या द्या.” तो हळू बोलत होता. “मला सुटायचं न्हाय. सुटायचं असतं त कवाच कोनाच्या गल्यात घातला असता. त्यो मला रोज इचारतो, हाय का. मी म्हनतो हाय. पन त्यो वर येत न्हाय. दोनदा हिसका देत न्हाय. का? माज्यावर इस्वास न्हाय त्याचा. मी बांदला हुता ना. त्याला आनायला मलाच खाली जायला पायजे. पन वर कोन? दोर कोनाच्या हातात द्यावा? तीस वरसं बगतो मी, समदी लोकं बांदतात. फोन आला की बांदतात, चाय आली की बांदतात. तुमी न्हाय बांदला.”

आयुष्यभर लोकांनी मला संशयी म्हटलं, घरच्यांनी म्हटलं, सेठने म्हटलं. या म्हाताऱ्याने त्याच स्वभावावर आपला जीव ठेवायचा ठरवला होता. मला रडू आलं. तेही सांगते, लपवण्यासारखं काय आहे. तरी एक मन म्हणत होतं, हासुद्धा एक डाव असेल.

तो माझ्याबरोबर आला. पौर्णिमेला सकाळी नऊला तळ होता. दुपारच्या भरतीला आमचं निघणं. भूपेश डिझेल आणायला काशेळीला गेलेला. काळूरामने सदरा काढून घडी घातली, हाफ पँटवर उभा राहिला. बालदी त्याने आणलेली, जुनी, लोखंडी, तळाला गंजून जाळी पडलेली. दोर बालदीला बांधला आणि माझ्या हातात दिला. हातातून हातात.

“पानी वलंल. तरी सोडू नका.”

“नाही सोडणार.”

“बांदू बी नका.”

“काका, तुम्ही जा.”

तो गेला. पाणी गढूळ, लगेच मिटलं. मी मोजायला लागले. शंभर झाले. दोनशे झाले. सत्तर वर्षांचा माणूस एवढा वेळ खाली राहात नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, पण ओरडायला जेट्टीवर कोण होतं? चिखलाचा वास एवढा वाढला की तोंडाला चव आली. मग एक हिसका आला. कोरडा, घट्ट, शेपूट नसलेला. काळूरामचा. मी उत्तर दिलं. आणि पुढे काही नाही.

भूपेश आला तेव्हा पाणी वळलं होतं. त्याने मला बघितलं, काळूरामचा सदरा बघितला, आणि त्याचा चेहरा पडला. “किती वेळ झाला?” मी सांगितलं. तो म्हणाला, “मेघाली, अर्धा तास झाला म्हणजे… दोर बांध. माणसं बोलावू, पोलिसांना फोन करू. बांध तो आधी, मला मदत कर.” मी मान हलवली. त्याने माझ्या हातातून दोर घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात दोन हिसके आले. एक, आणि दुसरा.

आम्ही दोघांनी ओढलं. जड होतं. बालदीचं, रेतीचं आणि माणसाचं वजन असेल तेवढं. डोकं वर आलं, चिखलाने माखलेलं. पाठ आमच्याकडे. जेट्टीच्या शिडीला हात घातला आणि चढला. हाफ पँट काळूरामची, खांदे काळूरामचे. चढताना एकदाही थांबला नाही, धाप लागली नाही. मी म्हटलं, “काका? आला का तो?” त्याने मागे न बघता नुसता हात वर केला. सदरा तिथेच राहिला. तो चालत रस्त्याला लागला, गोडाऊनांच्या मागे दिसेनासा झाला.

भूपेश खाली बसला. हसायला लागला, मग हसणं थांबवता येईना. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. बालदी रिकामी केली आणि धुवायला खाली सोडली. दोर अजून हातातच होता, सवय. भूपेश इंजिन चालू करायला वळला.

आणि दोराला हिसका आला. एक. कोरडा, घट्ट.

त्याने बघितलं माझा हात कसा ओढला गेला ते. मी उत्तर दिलं. त्याने इंजिन चालू केलं नाही. आम्ही भरती जाऊ दिली.

आज अकरावा दिवस. खाली माणूस आहे तोवर दोर हातात पाहिजे. चार तास मी, चार तास भूपेश, जहाजावर असते तशी ड्युटी. पहिल्या दिवशी तो सुरी घेऊन आला होता कापायला. मी म्हटलं, आधी धरून बघ एक ओहोटी. त्याने धरला. सुरी परत जागेवर ठेवली. स्वयंपाक, पाणी, सगळं एका हाताने जमतं आता. हाताला चिरा पडतात, हळद लावते.

भाविकाचा फोन येत असतो. त्या दिवशी संध्याकाळी बाबा घरी आले म्हणाली. ओट्यावर बसून असतात, जेवतात, बोलत नाहीत. परवा तिने त्यांना रेशनला नेलं. म्हणाली, “काकी, बाबांचा अंगटा मशीनवर लागत न्हाय. मागच्या महिन्यापर्यंत लागत हुता. धा वेला लावला.” मी म्हटलं, म्हातारपणी रेषा झिजतात. तिला दुसरं काय सांगू? पौर्णिमेच्या दुपारी मी मनाशी म्हटलं होतं, सावळाराम वर आला आणि काळूराम त्याच्या जागी राहिला. वाईट, पण समजण्यासारखं. एकाने दुसऱ्याचं फेडलं.

थांबा. कप खाली ठेवा जरा. पाण्याचा आवाज थांबला, ऐकलंत? तळ लागला.

हा… आला. बघा, हात बघा माझा. एकच, घट्ट. हे काळूरामकाका. मी दिलं उत्तर.

आता बोलू नका.

हा दुसरा. तुम्हाला नुसता दोर हललेला दिसला असेल. मला शेपटाला थरथर लागली. तीन बोटांची पकड. हा सावळाराम. पौर्णिमेच्या संध्याकाळपासून रोज असंच आहे, आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. माझ्या बोटांनी बावीस वर्षांत चूक केलेली नाही. खाली दोघेही आहेत, रामनाथभाऊ. दोघेही विचारतात, आहेस का. दोघांपैकी कोणी वर यायला मागत नाही.

मग आम्ही वर कोणाला ओढलं, ते मला विचारू नका.

अमावास्या चार दिवसांवर आहे, शेवटचं उधाण, मला माहीत आहे. त्यानंतर पाऊस लागेल आणि बोट जाईल, घर जाईल, तेही माहीत आहे. भूपेश सकाळी म्हणाला, अमावास्येला निघू, दोर खुंटीला बांधून ठेवू, होईल ते होईल. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. पण दुपारी भाविकाचा परत फोन आला. आनंदात होती, बाबा आज बोलले म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. एकच वाक्य बोलले.

विचारलं, “बाईनं दोर बांदला का?”

वर आलंय ते तेवढ्याचीच वाट बघतंय. तेव्हा तुम्ही अमावास्येला आमची वाट बघू नका. कप तिथेच राहू द्या, मी एका हाताने धुते. आणि जाताना जेट्टीवरून आमचे दोर थोडे आवळून जा, पाणी आता चढायला लागेल.